भूकंपानंतर अणुवीज केंद्रात आणीबाणी आली तर: आत काय करायचं, बाहेर काय करायचं

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची केंद्रातल्या सहा भट्ट्यांपैकी तीन तेव्हा चालू होत्या. तिन्ही आपोआप बंद झाल्या, अगदी व्हायला हव्यात तशा. तरीही पुढच्या चार दिवसांत तिन्हींमधलं इंधन वितळलं आणि तीन इमारतींची छपरं स्फोटात उडाली.

भट्टी बंद झाली म्हणजे संकट टळलं, असं आपल्याला वाटतं. खरी आणीबाणी मात्र तिथूनच सुरू होते. त्या वेळी कोणी, कशानंतर काय करायचं ते या लेखात क्रमाने लिहिलं आहे. सुरुवातीचा भाग केंद्राच्या आतला आहे, कारण आत काय चाललंय हे कळल्याशिवाय बाहेर मिळणाऱ्या सूचनांचा अर्थ लागत नाही. नंतरचा भाग गावासाठी आणि घरासाठी आहे. बोईसर, चिंचणी, डहाणू, पालघर या पट्ट्यातल्या वाचकांनी तो नीट वाचावा. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या (भट्टीतच पाणी उकळून वाफ करणाऱ्या) घराण्यातल्या आहेत, आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. हे धक्के लहान-मध्यम होते, जपानसारखे नव्हते. पण तयारी शांतपणे करायची तर ती याच काळात करावी लागते.

पहिली दहा मिनिटं: भट्टी खरंच थांबली का?

जमीन हलली की नियंत्रण दंड आत जातात आणि अणुविखंडनाची साखळी तुटते. कंट्रोल रूममधलं पहिलं काम म्हणजे सगळे दंड पूर्ण आत गेले का आणि न्यूट्रॉनचं मोजमाप खाली येतंय का, हे प्रत्यक्ष पाहणं. मग बाहेरून येणारी वीज आहे का, डिझेल जनरेटर सुरू झाले का, पाण्याची पातळी आणि दाब किती, हे ठरलेल्या क्रमाने मोठ्याने वाचून नोंदवायचं. मोठ्याने यासाठी, की एकाने वाचलेला आकडा दुसऱ्याच्या कानावर पडला तर चूक लगेच सापडते.

त्याच वेळी आवारात आग लागली आहे का, कोणी जखमी आहे का, हे बघायला माणसं निघायला हवीत. जुलै २००७ मध्ये जपानच्याच काशिवाझाकी-कारिवा केंद्रात भूकंपाने ट्रान्सफॉर्मर पेटला. आग विझवायला गेले तर पाण्याच्या जमिनीखालच्या लाइनी फुटलेल्या होत्या, आणि आणीबाणीच्या खोलीचं दारच वाकून अडकलं होतं. त्या अनुभवातून जपानी केंद्रांमध्ये भूकंपाचा हादरा झेलणाऱ्या वेगळ्या इमारती बांधल्या गेल्या. फुकुशिमाची ही इमारत २०१० च्या जुलैमध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या आठच महिने आधी तयार झाली होती. ती नसती तर पुढची लढाई लढायला जागाच उरली नसती.

आता ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे ती. साखळी थांबल्यावरही इंधनातले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. थांबल्याच्या क्षणी ती उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. टक्केवारी छोटी दिसते, पण १३८० मेगावॉट उष्णता देणाऱ्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत दीड टक्का म्हणजे सुमारे २० मेगावॉट. तेवढी उष्णता सतत काढून घ्यावी लागते. नाही काढली तर पाणी उकळून उडतं, इंधन उघडं पडतं आणि वितळतं. म्हणून पुढच्या प्रत्येक पावलाचा हेतू एकच: इंधनावर पाणी ठेवायचं.

वीज: पर्याय संपण्याआधी पुढचा तयार ठेवा

फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज गेली, तेव्हा डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली. आवार समुद्रसपाटीपासून १० मीटरवर होतं आणि लाट साधारण १४-१५ मीटरची. बहुतेक जनरेटर आणि वीज वाटणारे पॅनेल तळघरात होते, ते बुडाले. सहाव्या युनिटचा हवेवर थंड होणारा एक जनरेटर तेवढा चालू राहिला आणि त्या एकट्याने पाचवी-सहावी भट्टी सांभाळली.

यातून क्रम असा निघतो. बाहेरची वीज गेली त्याच क्षणी फिरत्या जनरेटरसाठी निरोप जावा, डिझेल बंद पडण्याची वाट पाहू नये. बॅटरीवर काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, याची यादी आधीच लिहिलेली असावी. तळघरात पाणी शिरलंय का, हे माणूस पाठवून बघावं. आणि किनाऱ्यावरच्या केंद्रात मोठा धक्का बसल्यावर खालच्या भागातली माणसं आधी वर काढावीत.

बाहेरून येणारी मदत उशिरा येणार, हे धरूनच चालावं. फुकुशिमाला निघालेल्या जनरेटरच्या गाड्या फुटलेल्या रस्त्यांवर आणि गर्दीत अडकल्या. त्या पोचल्या, रात्रभर केबल ओढून झाली, आणि १२ मार्चला दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी पहिल्या युनिटमध्ये हायड्रोजनचा स्फोट होऊन ती केबल निकामी झाली.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला फुकुशिमा दाइनी नावाचं दुसरं केंद्र आहे. तिथे बाहेरून येणारी एक लाइन जिवंत राहिली, पण पाण्याच्या पंपांच्या मोटारी बुडाल्या होत्या. सुमारे २०० कर्मचाऱ्यांनी जवळजवळ ९ किलोमीटर केबल हाताने अंथरली. एकेका तुकड्याचं वजन टनाच्या घरात. यंत्रांनी एरवी महिनाभर चालणारं काम त्यांनी साधारण दीड दिवसात उरकलं. केंद्रप्रमुख नाओहिरो मासुदा यांनी त्यांना नुसता हुकूम सोडला नाही. मागून येणारे धक्के किती वेळाने येतात, केवढे येतात, ते फळ्यावर लिहीत गेले आणि धक्के कमी होताहेत हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दिलं. मग माणसं बाहेर पडली. आणीबाणीत माहिती लपवल्याने धीर येत नाही, खरी माहिती दिल्याने येतो. माझ्या मते तिथल्या यशात त्या फळ्याचा वाटा केबलइतकाच आहे.

मोजमापं गेली तर: गृहीत धरू नका, माणूस पाठवा

इथे थोडं थांबतो, कारण फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची गोष्ट या एका पावलावर फसली.

त्या भट्टीला विजेशिवाय चालणारी एक सोय होती, आयसोलेशन कंडेन्सर. भट्टीतली वाफ वरच्या टाकीतल्या पाण्यातून फिरते, थंड होऊन पाणी बनते आणि आपल्या वजनानेच खाली परतते. (तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतही याच तत्त्वावरची व्यवस्था आहे.) भूकंपानंतर ती चालू झाली. भट्टी तासाला ५५ अंशांपेक्षा वेगाने थंड होऊ नये, या नियमापायी ऑपरेटर तिचा व्हॉल्व्ह उघड-बंद करत होते. त्सुनामी आली तेव्हा तो नेमका बंद होता. मग दिवे गेले, पॅनेल काळी पडली आणि व्हॉल्व्ह उघडा की बंद हेच कोणाला दिसेना.

ती यंत्रणा चालू असली की इमारतीच्या भिंतीतल्या दोन भोकांतून वाफेचा मोठा झोत आवाज करत बाहेर पडतो. पण त्या पाळीतल्या कोणीही ती प्रत्यक्ष चालताना कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास काही दिवे परत आले, व्हॉल्व्ह बंद दिसला, तो उघडला. थोडी वाफ दिसली आणि थांबली. टाकीतलं पाणी संपलं असेल या शंकेने सात मिनिटांत तो पुन्हा बंद केला गेला. आणीबाणी कक्षात मात्र ‘उघडला’ एवढंच पोचलं. ‘बंद केला’ हे पोचलं नाही. रात्री सव्वानऊला पाण्याची पातळी इंधनाच्या वर २० सेंटिमीटर असल्याचं मोजमाप मिळालं. ते खोटं होतं. इंधन तोवर उघडं पडलेलं होतं.

म्हणून केंद्रात काम करणाऱ्यांसाठी:

- वीज जाताच प्रत्येक महत्त्वाच्या व्हॉल्व्हची शेवटची माहीत असलेली स्थिती वेळेसह कागदावर लिहा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. ‘बहुधा चालू’ हा शब्द नोंदवहीत येऊ देऊ नका.
- कोणतीही गोष्ट उघडली किंवा बंद केली की दोन्ही निरोप जावेत आणि ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवावेत.
- एका मोजमापावर विसंबू नका. पातळी ठीक दिसतेय पण दरवाज्याजवळ किरणोत्सर्ग वाढतोय, तर पातळी खोटी आहे असं धरा.
- सुरक्षा यंत्रणा चालताना कशी दिसते, कशी ऐकू येते, हे प्रत्येक पाळीला सरावात दाखवलेलं असावं.

मोजमापं परत आणायला तिथल्या लोकांनी स्वतःच्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या. १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२० व्होल्ट केले. हे टॉर्चच्या उजेडात आणि धक्के बसत असताना. अशा बॅटऱ्या, केबल आणि जोडणीचं साहित्य आधीच एका ठिकाणी ठेवणं फार खर्चाचं काम नाही.

दाब उतरवा, पाणी घाला, हवा सोडा

अग्निशमन गाडीचा पंप कमी दाबाचा असतो. भट्टीतला दाब त्याहून कितीतरी जास्त. म्हणून आधी दाब उतरवायचा आणि लगेच पाणी घालायचं. या दोन्हींमध्ये फट पडली तर घात होतो. तिसऱ्या भट्टीत १३ मार्चच्या पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी चालू असलेला जोरकस पंप मुद्दाम बंद केला गेला, कमी दाबाच्या पंपाने काम भागेल या हिशोबाने. पण दाब उतरवणारे व्हॉल्व्ह उघडेचनात, कारण बॅटऱ्या संपत आल्या होत्या. दाब चढला, छोट्या पंपाचं पाणी आत जाईना. जवळजवळ सात तास भट्टीला पाणी मिळालं नाही.

नियम साधा आहे: नव्या वाटेने पाणी खरोखर जातंय हे दिसेपर्यंत जुनी वाट बंद करू नये. आणि गाडीचा पंप चालतोय म्हणजे पाणी भट्टीतच जातंय असंही नाही. फुकुशिमात त्यातलं बरंच पाणी आडवाटेच्या पाइपांनी दुसरीकडे गेलं.

गोडं पाणी संपलं की समुद्राचं. त्याने भट्टी कायमची निकामी होते, म्हणून वरच्या कार्यालयांत चलबिचल होते. १२ मार्चला टोकियोहून थांबण्याचा निरोप आला असताना केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी समुद्राचं पाणी चालूच ठेवलं. असा निर्णय जागेवरच्या माणसाच्या हातात असल्याचं आधी लेखी ठरलेलं असायला हवं. ते कोणाच्या धाडसावर सोडणं बरोबर नाही.

कोंडलेली वाफ व्हेंटमधून, म्हणजे त्यासाठीच्या पाइपातून, बाहेर सोडणं हा पुढचा कठीण निर्णय, कारण तिच्याबरोबर थोडा किरणोत्सर्गही बाहेर पडतो. आजूबाजूची माणसं निघाली का, वारा कुठे वाहतोय, हे आधी बघावं लागतं. पण उशीर केला तर भट्टीभोवतीचं आवरणच फाटतं. पहिल्या युनिटमध्ये व्हॉल्व्ह हाताने उघडायला दोघादोघांच्या तुकड्या अंधारात आत गेल्या. पहिलीने काम केलं. दुसरीला किरणोत्सर्गामुळे अर्ध्या वाटेतून परतावं लागलं; त्यातल्या एकाला १०० मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचं एकक) वर मात्रा बसली. विजेशिवाय, सुरक्षित जागेतून फिरवता येईल असं व्हेंटचं चाक हवं, हे जगाने यातून शिकून घेतलं. इंधनावरचं धातूचं वेष्टन तापून वाफेशी भिडलं की हायड्रोजन तयार होतो. तो छतापाशी साठू नये म्हणून वाट ठेवणं आणि भट्टीभोवतीच्या आवरणात नायट्रोजन भरणं हे दोन्ही उपाय आहेत. चौथी भट्टी तर बंदच होती, पण तिसरीचा हायड्रोजन सामाईक पाइपातून तिच्या इमारतीत शिरला आणि तिथेही स्फोट झाला.

वापरलेल्या इंधनाचे तलाव विसरू नयेत. तिथे वेळ बराच मिळतो, मात्र पाण्याची पातळी नुसती अंदाजाने सांगू नये.

आतल्या माणसांबद्दल एकच सांगतो. किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारं यंत्र प्रत्येकाकडे हवं, पाळ्या बदलायला हव्यात, जेवण आणि झोप मिळायला हवी. त्यांच्या घरच्यांची खबर त्यांना मिळण्याची सोयही करा. ज्याला घरची चिंता आहे त्याच्याकडून बारीक काम होत नाही.

प्रशासन: माणसं हलवायची, पण कोणती, कधी, कुठे

आपल्याकडे आणीबाणीचे तीन टप्पे मानतात: केंद्राच्या एका भागापुरती, केंद्राच्या आवारापुरती आणि आवाराबाहेर पसरणारी. तिसऱ्या टप्प्यात सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. आखणी साधारण १६ किलोमीटरपर्यंतच्या टापूची असते.

फुकुशिमात त्या रात्री ३ किलोमीटर, पहाटे १० आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २० किलोमीटर असे हुकूम निघत गेले. काही लोकांना दोन-तीनदा हलावं लागलं. आणि किरणोत्सर्ग काही कंपासने काढलेल्या वर्तुळातून जात नाही, तो वाऱ्याबरोबर जातो. नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले, आणि १५ मार्चला किरणोत्सारी ढग नेमका त्याच दिशेला गेला. वारा आणि प्रसार सांगणारी संगणक व्यवस्था सरकारकडे होती. तिचे अंदाज गावापर्यंत पोचलेच नाहीत. केंद्रापासून ५ किलोमीटरवरच्या समन्वय केंद्राला तर हवा गाळणारे फिल्टर नव्हते, फोन बंद पडले होते. तेच खाली करावं लागलं.

सगळ्यात वाईट झालं ते आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचं. जवळच्या फुताबा रुग्णालयातले आणि त्याच्याशी जोडलेल्या वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये तासन्‌तास बसवून नेले गेले. पोचायला जागा नाही, सोबत डॉक्टर नाही. चाळीसहून अधिक जण दगावले. त्यांना किरणोत्सर्गाने मारलं नाही, हलवण्याने मारलं. पुढच्या वर्षांत फुकुशिमा प्रांतात विस्थापनाशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या दोन हजारांच्या वर गेली. म्हणून तलाठी, पोलीस पाटील, आशा सेविका यांच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिसवरच्या आणि ऑक्सिजनवरच्या माणसांची अद्ययावत यादी हवी. त्यांच्यासाठी अँब्युलन्स, सोबत परिचारिका आणि पोचण्याचं रुग्णालय पक्कं झाल्याशिवाय गाडी हलवू नये. तोवर त्यांना पक्क्या इमारतीत, खिडक्या लावून, सेवा करणाऱ्यांसह ठेवणं जास्त सुरक्षित ठरू शकतं.

आणि ‘घरात थांबा’ हा हुकूम दोन दिवसांच्या पुढे ओढू नये. २० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यात तो महिनाभराहून अधिक चालला. पेट्रोल, औषधं, भाजीपाला घेऊन यायला गाडीवाले तयार होईनात.

घरात: क्रमाने काय करायचं

आधी भूकंप. डोकं झाका, मजबूत टेबलाखाली बसा, हलणं थांबलं की गॅसचा रेग्युलेटर बंद करा, मेन स्विच पाडा. घराला मोठे तडे असतील तर त्यात थांबू नका. जवळची शाळा किंवा पक्की इमारत गाठा.

किनाऱ्यावर असाल आणि धक्का लांबलेला असेल किंवा त्सुनामीचा इशारा आला असेल, तर किरणोत्सर्गाचा विचार नंतर. आधी उंच जागा. जपानमध्ये त्या दिवशी हजारो माणसं गेली ती पाण्याने.

मग बातमी घ्या. बॅटरीवरचा रेडिओ आणि एक चार्ज केलेली पॉवर बँक घरात कायम असू द्या. जिल्हाधिकारी कार्यालय, आकाशवाणी आणि गावातला भोंगा यांचं ऐका. व्हॉट्सअॅपवर फिरणारे नकाशे पुढे पाठवू नका.

‘घरात थांबा’ असं सांगितलं तर:

- दारं-खिडक्या लावा, फटींना ओले कपडे लावा. एसी, कूलर, एक्झॉस्ट फॅन बंद.
- बाहेर होतात तर वरचे कपडे आणि चपला दारातच काढा, पिशवीत बांधून लांब ठेवा. अंगावर बसलेली बहुतेक किरणोत्सारी धूळ कपड्यांबरोबरच निघते. मग साबणाने अंघोळ करा, अंग खरवडू नका. केसांना कंडिशनर लावू नका, त्याने धूळ धरून राहते.
- पिण्याचं पाणी झाकलेल्या भांड्यांत भरून ठेवा. उघड्या विहिरीवर ताडपत्री टाका.
- अंगणातली पालेभाजी, उघड्यावर वाळत घातलेली मासळी, बाहेर चरलेल्या गाई-म्हशींचं दूध तपासणी होईपर्यंत घेऊ नका. आयोडीन-१३१ (किरणोत्सारी आयोडीन) गवतातून दुधात उतरतं. १९८६ साली चेर्नोबिलच्या आसपासच्या मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः अशा दुधामुळे. आठ दिवसांनी ते आयोडीन निम्मं होतं, म्हणून पहिले काही आठवडे सगळ्यात महत्त्वाचे.
- गुरं गोठ्यात घ्या, साठवलेला चारा आणि झाकलेलं पाणी द्या.

आयोडीनच्या गोळीबद्दल गैरसमज फार आहेत. ती फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, बाकी कशापासून नाही. ढग यायच्या आधीच्या २४ तासांत किंवा आल्यावर दोन तासांच्या आत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंत उपयोग होतो, २४ तासांनंतर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम आयोडीन असलेली मात्रा, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना आणखी कमी. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना आधी. चाळिशीनंतर तिचा उपयोग कमी. प्रशासन सांगेल तेव्हाच घ्या. जखमेवरचं टिंक्चर पिऊ नका. आयोडीनयुक्त मीठ खाऊनही काही होत नाही. किलोभर मिठात जेमतेम ३० मिलिग्रॅम आयोडीन असतं. एका मात्रेसाठी तीन किलोहून जास्त मीठ लागेल. २०११ साली चीनमध्ये लोकांनी याच समजुतीने दुकानांतलं मीठ संपवलं होतं.

‘निघा’ असं सांगितलं तर ठरलेल्या रस्त्यानेच निघा. जवळचा वाटणारा रस्ता ढगाच्या दिशेने जाणारा असू शकतो. सोबत रोजची औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, आधार आणि रेशन कार्ड, सातबाऱ्याची प्रत, बाळाचं दूध, चष्मा, थोडी रोकड. गाडीच्या काचा वर. शेजारी म्हातारं माणूस एकटं असेल तर त्याला घेतल्याशिवाय निघू नका. निघालात ते कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने, हे लिहून ठेवा. नंतर कोणाला किरणोत्सर्गाची किती मात्रा बसली हे ठरवताना तीच नोंद कामी येते. छावणीत पोचल्यावर तपासणी करून घ्या आणि नाव नोंदवा.

परतताना घर तपासल्याशिवाय वीज चालू करू नका. झाडायच्या आधी ओल्या फडक्याने पुसा. झाडूने धूळ उडते. छपराचे पन्हाळे, पागोळ्या पडतात ती जमीन आणि अंगणातला पालापाचोळा इथे किरणोत्सर्ग जास्त साठतो. मुलांना तिथे खेळू देऊ नका. शेतातलं आणि समुद्रातलं अन्न तपासणीचा निकाल आल्यावरच घ्या.

अणुवीज केंद्राच्या परिसरात आवाराबाहेरच्या आणीबाणीचा सराव साधारण दर दोन वर्षांनी होतो. पुढचा सराव जाहीर झाला की ग्रामसभेत हे विचारा: आमच्या गावाने कुठे जमायचं? गोळ्या कोणाकडे आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते? अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी शेवटची कधी तपासली? पाड्यावर, जिथे फोनला रेंज नाही, तिथे निरोप कोण घेऊन जाणार? उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि माणसाच्या नावासकट घ्या.